अर्ध्या तिकिटांची भाषा

कर्जत,
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय आवडी,

शनिवारी दुपारी भोजनगृहाच्या मागच्या पायऱ्यांवर आपण तांदूळ निवडत बसायचो, आठवतं? सुपात तांदूळ जास्त की खडे जास्त, यावर आपली पैज असायची. तू खडे टाकायची नाहीस. फ्रॉकच्या खिशात भरायचीस आणि सोमवारी गणिताच्या तासाला बाकाखाली बेरजेला काढायचीस. अशाच एका शनिवारी स्वयंपाकाच्या बाईंनी विहिरीत घागर सोडली. तू सूप थांबवून म्हणालीस, "लुम."

मी म्हटलं, "काय?"

"पानी असं बोललं. लुम."

मी माधवी. टीसी येसाजींची मुलगी. आई नसल्यामुळे आणि वडिलांच्या पाळ्यांमुळे स्टेशनपासून दहा मिनिटांवर घर असून सिस्टरांच्या कॉन्व्हेंट बोर्डिंगात राहणारी. सेहेचाळीस वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा ओळख सांगितलेली बरी.

मराठी बोलताना सापडली की गळ्यात लाकडी बिल्ला. इंग्रजी मला अर्धंमुर्धं यायचं, तुला तर डोंगरातल्या वाडीवरून नुकतंच शाळेत आणलेलं, तू दिवस दिवस गप्प. मग तूच शोधून काढलंस की सिस्टरांचा नियम मराठीला आहे, हिंदीला आहे, 'लुम'ला नाही. म्हणून आपण तिसरी भाषा करायला घेतली. वडील मला वापरलेली तिकिटं आणून द्यायचे, ती जुनी जाड पुठ्ठ्याची. पूर्ण तिकिटाच्या मागे मूळ शब्द. मुलांच्या अर्ध्या तिकिटाचा कोपरा कापलेला असायचा, त्याच्या मागे मुळाला पुढून किंवा मागून लावायचा तुकडा. लुम म्हणजे पाणी, 'ळे' म्हणजे जागा. दोन तिकिटं शेजारी ठेवली की लुमळे, विहीर. रिकाम्या डब्याच्या झाकणाचा आवाज किप, म्हणजे भूक. 'वे' लावला की उलट. वेकिप, पोट भरलं. आणि आपला कायदा: तिकिटावर 'मा' आणि 'आ' अशा दोन सह्या असल्याशिवाय तो शब्द नाही. एका हाताचा शब्द चालायचा नाही.

गेल्या मंगळवारी मी खोपोलीला एका दवाखान्यात बसले होते. घसा जरा बसलाय, बाकी काही नाही. तिथली नर्स नंबर पुकारत होती. कोणीतरी तिच्यापुढे बिस्किटांचा पुडा धरला. ती म्हणाली, "नको ताई, वेकिप."

माझा नंबर नव्हता तरी मी उठले. विचारलं, "काय म्हणालीस गं?"

"वेकिप. पोट भरलंय म्हनून."

"कुठला हा शब्द?"

"आमच्या आईचा. वाडीवरचा असंल."

"वाडीवरच्या बाकीच्या बायका म्हणतात?"

"नाय वो. आमच्याच घरात म्हनतात. तुमी इचारलं तवा ध्यानात आलं."

"आईचं नाव आवडी ना?"

तुझी रोहिणी माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी काही मी तिची पर्स उघडून बघितली.

आपल्या नववीत तू गेलीस आणि तिकिटांचा डबा सिस्टरांच्या कपाटात गेला. पुढे त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी तो मला बोलावून परत दिला. एकसष्ट मुळं, चौदा अर्धी, सगळ्यांवर दोन सह्या. तेव्हापासून मी शब्द करते आहे. एकटीने. पुठ्ठ्याची तिकिटं बंद झाल्यावर लग्नपत्रिका कापून करते. सहाशेच्या वर झाले, आणि आपल्या कायद्याप्रमाणे त्यातला एकही शब्द नाही.

रोहिणीच्या हाती चाळीस पाठवते आहे. बघ. पटला तर 'आ' लिही. आणि एकदा मला तुझ्याशी बोलायचं आहे, आपल्या भाषेत, तोंडाने. फेब्रुवारीच्या आत. एवढी घाई का ते विचारू नकोस.

तुझी,
माधवी


कर्जत,
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय आवडी,

चाळीसपैकी एकतीस तू फुली मारून परत पाठवलेस. नऊ ठेवून घेतलेस, पण सही एकावरही नाही. पत्र नाही. रोहिणीने मात्र सगळं तोंडपाठ आणलं होतं आणि ती तुझ्यासारखे हातवारे करून सांगत होती. विमलबाई (माझ्याकडे बारा वर्षं स्वयंपाकाला आहेत, घरातला शेवटचा शब्द त्यांचाच) पोळपाट सोडून ऐकायला आल्या.

फोनसाठी मी 'सुवळे' केला होता. सुव म्हणजे ऐकणं, म्हणून ऐकण्याची जागा. रोहिणी म्हणाली, "आई म्हनाली, जागा कशी? जागा तर हलत नाय. फोन तर पोरांच्या हाताला चिकटून रानभर फिरतो."

टँकरवाल्यासाठी 'लुमटू', पाण्याचा माणूस. "आई म्हनाली, तो कुठला लुमटू? चार हंडे डोक्यावं मी आनते. लुमटू मी."

आणि एकटेपणासाठी मी फार विचार करून केलेला शब्द, 'वेसुवळे'. जिथे ऐकणारं कोणी नाही ती जागा. त्यावर तू म्हणे ते तिकीट बाजूला काढून ठेवलंस आणि म्हणालीस, "तिला सांग, घरात टीव्ही लाव."

विमलबाई इतक्या हसल्या की पोळी करपली. "बरोबर बोलल्या त्या! मी हेच सांगते. दिवसभर कात्री घेऊन कागदं कापत बसतात." मीही हसले. मग हसता हसता खोकला आला आणि खूप वेळ थांबला नाही.

तुझं बरोबर आहे. मी टेलिफोन एक्स्चेंजात तीस वर्षं हेडफोन लावून बसले, लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले. त्यामुळे माझे शब्द खुर्चीत बसून केलेले आहेत. त्यांना पाय नाहीत. तू बाजूला बसलेली असतीस तर तेव्हाच म्हणाली असतीस.

एक विचारायचं आहे. चहा घेताना रोहिणी दवाखान्यातल्या गोष्टी सांगत होती. कंपाउंडर विकासने ती उशिरा आल्याचं डॉक्टरांच्या कानावर घातलं म्हणून चिडली होती. म्हणाली, "तो विकास ना, एक नंबरचा फारेवटू."

मी कप खाली ठेवला. रेव म्हणजे बोलणं. सारखं बोलणाऱ्या रेव्हरंड मदरवरून आपण तो उचलला होता. 'फा' म्हणजे बाहेर, फाटकाच्या पलीकडे. 'टू' म्हणजे माणूस. आतलं बाहेर बोलणारा माणूस. तिन्ही तुकडे आपले आहेत, पण हा शब्द आपल्या डब्यात नाही. मी घरी सगळी तिकिटं पुन्हा दोनदा मांडून पाहिली.

रोहिणीला विचारलं, "हा शब्द आई कधीपासून म्हणते?"

"आमी पोरं व्हतो तवापासनं. कोनी चाडी केली का, फारेवटू."

तू एकटीने केलास तो. कधी केलास, असं विचारणार होते. नको. हवा आज फार कोंदट आहे. मी दोनदा स्टेशनापर्यंत जाऊन आले, उगीचच.

तुझी,
माधवी


कर्जत,
३ डिसेंबर २०२४

आवडी,

आठ दिवसांत तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात लिहिलं होतं की कोणीतरी सिस्टरांना सांगितलं. दुसऱ्यात, सिस्टरांना आपोआप कळलं. तिसऱ्यात हवापाणी. आता सरळ लिहिते. तुला ठाऊक आहे हे मला आता ठाऊक आहे, तरी माझ्या हाताने लिहिलं गेलं पाहिजे.

तुझी आई बुधवारी बाजाराला रानभाजी घेऊन यायची आणि जाताना शाळेच्या मागच्या भिंतीशी थांबायची. तू आपल्या ताटातला पाव न खाता ठेवायचीस, कधी स्वयंपाकघरातलेही उचलायचीस, आणि भिंतीवरून तिला द्यायचीस. मला हे माहीत होतं. मी टेहळणी करायची. आपण त्याची चिठ्ठी आपल्या भाषेत लिहायचो, कारण ती कुणाला वाचता येणार नव्हती.

चिठ्ठी तुझ्या भूगोलाच्या पुस्तकात सापडली. सिस्टरांनी मला बोलावलं, तुला नाही. टेबलावर चिठ्ठी, शेजारी आपला डबा. त्या रागावलेल्या नव्हत्या, आवडी. रागावल्या असत्या तर मी गप्प बसले असते. त्यांनी चिठ्ठी दोन बोटांत धरली आणि हसून म्हणाल्या, "माधवी, यू आर अ सेन्सिबल गर्ल. व्हाय धिस गिबरिश?"

गिबरिश. एकसष्ट मुळं, चौदा अर्धी, दोन वर्षांचे शनिवार. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "इट इज नॉट गिबरिश, सिस्टर. इट हॅज रुल्स." आणि डबा उघडून त्यांच्या टेबलावर तिकिटं मांडायला लागले. हे मूळ, सिस्टर. हे अर्धं, ते पुढे लागतं. हे मागे. त्या वाकून बघायला लागल्या. चष्मा लावला. म्हणाल्या, "शो मी." आणि समोर उदाहरणाला होती ती चिठ्ठी.

पोम, ब्रेड. फा, आउट. तेक, टु गो. "ब्रेड गोज आउट, सिस्टर. ऑन वेन्सडे." त्यांनी पुढच्या शब्दावर बोट ठेवलं. मी दोन तिकिटं जोडून दाखवली. "किप, हंगर. टू, पर्सन. हंगरी पर्सन."

"व्हेरी क्लेव्हर," त्या म्हणाल्या.

आणि मला आनंद झाला. हेच मला इतकी वर्षं लिहिता आलं नाही. भीतीने बोलले असते, मार खाऊन बोलले असते, तर माझं मलाच कधीतरी माफ करता आलं असतं. मला कुणी हात लावला नव्हता. आपली भाषा खरी आहे हे एका मोठ्या बाईला पटलं, म्हणून मी खूश होते. दारातून बाहेर पडून व्हरांड्याच्या टोकाला पोचले तेव्हा मला कळलं मी काय वाचून दाखवलं.

बुधवारी तुझ्या आईला फाटकातून आत बोलावलं. मी वरच्या खिडकीत होते. तिने लुगड्याच्या ओच्यातून पाव काढले आणि पायरीवर एकेक करून ठेवले. चार. चौथा ठेवताना तिने तो फुंकर मारून साफ केला. तू तिच्या शेजारी ट्रंक घेऊन उभी होतीस. तू वर बघितलंस की नाही, हे मी सेहेचाळीस वर्षं स्वतःला विचारते आहे. फारेवटू ऐकल्यावर उत्तर मिळालं.

माधवी


कर्जत,
२ जानेवारी २०२५

आवडी,

एक महिना झाला. रोहिणीला फोन केला की ती म्हणते, "आई काय बोलत नाय. तुमचं पत्र वाचलं, परत वाचलं, आन् तांदळाच्या डब्यात घालून ठेवलं." तांदळाच्या डब्यात म्हणजे चांगलं की वाईट? विमलबाई म्हणतात, "चांगलंच. माझ्या घरी पोथी तांदळातच असते." मग म्हणतात, "आणि मीठही असतं शेजारी, पावसाळ्यात." त्यांचा काही भरवसा नाही.

मला घरात बसवत नाही. सकाळी उल्हास नदीच्या पुलापर्यंत जाते, तिथून परत. दुपारी कपाटं आवरते, आवरलेली पुन्हा काढते. परवा भिवपुरीला गेले, पॉवरहाउसच्या क्वार्टर्समध्ये आपल्या वर्गातली समिधा राहायची म्हणून. ती जाऊन वीस वर्षं झालीत. मला ठाऊक होतं, तरी दाराशी जाऊन उभी राहिले. कोणीतरी पडदा सरकवून "कोण पाहिजे?" म्हणालं. मी हाताने 'काही नाही' म्हटलं. आवाज फुटला नाही.

तेच सांगायचं आहे. घसा बसलेला नाही. स्वरयंत्रात गाठ आहे आणि ती वाईट आहे. बारा फेब्रुवारीला मुंबईला ऑपरेशन. ते स्वरयंत्र काढणार आहेत. जीव वाचेल असं म्हणतात, माझं हृदय बळकट आहे म्हणे. पण त्यानंतर मी या आवाजात बोलणार नाही. मशीन मिळतं म्हणतात, गळ्याला लावायचं.

आधी लिहिलं नाही, कारण मला दयेची सही नको होती. तू एकतीस फुल्या मारल्यास तेव्हा मला किती बरं वाटलं सांगू? आजारी बाईला कोणी फुल्या मारत नाही. आता लिहिते, कारण लपवून ठेवून तुझ्याकडून काही घेणं हेही एक प्रकारचं पाव उचलणंच. तेही तू पोटासाठी उचललेस, मी कशासाठी उचलू?

जगात ही भाषा बोलणारी दोनच माणसं. मी इतकी वर्षं ती आरशाशी बोलले. तिला उत्तर येताना एकदा ऐकायचं होतं, आणि मला माझ्या गळ्याने उत्तर द्यायचं होतं. तुझ्याकडे शिव्या असतील तर शिव्या दे. रेव, सुव, तुला सगळी मुळं पाठ आहेत.

रोहिणीला यातलं सगळं आधीपासून माहीत आहे. दवाखान्यातली आहे ती. मीच तिला शपथ घातली होती, आणि तिने पाळली. तुझी मुलगी फारेवटू नाही.

माधवी


कर्जत,
१९ जानेवारी २०२५, रविवार

आवडी,

आज सकाळी रोहिणी आली. चप्पल काढायच्या आधीच तिने पिशवीतून बिस्किटाच्या खोक्याचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. तू तो बरोबर तिकिटाच्या मापाचा कापला आहेस. सेहेचाळीस वर्षांनी माप कसं लक्षात राहिलं गं?

मागे एकच शब्द. फारेवटू. खाली 'आ'. शेजारची जागा रिकामी.

रोहिणी म्हणाली, "आई म्हनली, तिला सांग, माझा बी एका हाताचाच हाय. इतकी वरसं वापरला, पोरांना शिकवला, पर कायद्यानं तो शबूद नाय. तिची सही आन."

"आणखी काय म्हणाली?"

"म्हनली, करायची तर कर म्हनावं. नाय केली तर राहू दे. तुमची नऊ तिकटं तिच्याजवळ हायेत, ती तवा बघू."

मी पेन घेऊन टेबलाशी बसले. विमलबाई आतून म्हणाल्या, "नुसतं एक अक्षर लिहायला एवढा वेळ?" त्यांना काय सांगू. ते एक अक्षर लिहिलं की तो शब्द आपल्या भाषेत कायमचा जाणार आणि त्याचा पहिला अर्थ मी असणार. मला तो पुसायचा मोह झाला नाही असं नाही. एकदा असंही वाटलं की शेजारी कंसात 'लहान होती' असं लिहावं. आपल्याकडे लहानपणाचंही अर्धं तिकीट आहे ना, 'श'. फारेवटूश. चहाडी करणारी छोटी. किती गोड झाला असता. म्हणूनच लावला नाही.

'मा' लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलंय. शब्द चांगला आहे, आवडी. माझ्या सहाशेंपेक्षा चांगला. त्याला पाय आहेत, तो विकासपर्यंत चालत गेला.

रोहिणी तिकीट घेऊन उठली आणि दारात वळून म्हणाली, "आन् आईनं सांगितलं, सही झाली तरच सांग. सनवारी ये म्हनावं. सकाळची ये, ऊन व्हायच्या आत. चढ हाय."

पुढचे दोन शनिवार डॉक्टरांच्या तपासण्या. आठ तारखेला येते.

माधवी


कर्जत,
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय आवडी,

परवा तू मला फसवलंस.

मी सगळी तयारी करून आले होते. चढावर दर वळणाला थांबून मनात वाक्यं जुळवत होते. आणि तू सबंध सकाळ मराठीत बोललीस. गुडघा, शेळीला झालेली दोन करडं, तुझ्या मुलाचं, सुनीलचं, माथेरानच्या हॉटेलात पर्मनंट होत नाही ते, रोहिणीचे वडील पोशादादा माथेरानला घोड्याच्या मागे चालून चालून कसे थकले होते आणि कसे गेले ते. मी आपल्या भाषेत एक वाक्य म्हटलं तर तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "भाकर खा आधी. निसती हाडं राहिलीस." मी पुन्हा म्हटलं. तू म्हणालीस, "चटनी तिखट हाय, तुझ्या घशाला नको. दूध घे."

नऊ तिकिटं काढलीस, चुलीशी बसून एकेक वाचलंस आणि दोन चुलीत टाकलीस. सातांवर सही केलीस आणि फारेवटूच्या तिकिटासोबत माझ्या हातात दिलीस. 'वेसुवळे'वरही केलीस, त्याआधी म्हणालीस, "ह्यो ऱ्हाऊ दे. आई गेली तवा असंच वाटलं." तेवढंच. तिच्याबद्दल तू त्यापलीकडे बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही. निघताना तू माझ्या हातात फडक्यात बांधून चार भाकऱ्या दिल्यास. चार. मी मोजल्या ते तू बघितलंस.

मी उतरायला लागले. सागाच्या झाडांपर्यंत पोचले असेन, आणि वरून तुझा आवाज आला. लांब खाली गेलेल्या माणसाला वाडीवरून हाक मारतात तसा, छातीतून.

"तेकरूं!"

तेक म्हणजे जाणं, चालणं. 'रूं' म्हणजे परत, आपल्या चौदा अर्ध्यांतलं शेवटचं. चालून परत ये. मी वळले. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते उत्तर आलं होतं, आणि आता बोलायची पाळी माझी होती. तोंड उघडलं. फुस्स झालं, फुग्यातून हवा जावी तसं. मी हात वर केला. तू बराच वेळ तिथे उभी होतीस, म्हणजे दिसला असावा.

खाली येईपर्यंत मला चुटपुट लागली होती. आता नाही. उत्तर द्यायला मला गळाच हवा, हा माझा हट्ट होता. ऐकू आलं, पुष्कळ झालं.

ऑपरेशन परवा. बुधवार आहे, आपला बुधवार. रोहिणी सोबत येते आहे, रजा टाकून. विकासने तिच्या पाळ्या घेतल्या, तेव्हा त्याला आता तो शब्द म्हणू नका. आज सगळी बांधाबांध केली. रोहिणी निघण्याआधी डबा घेऊन वर येईल. कुणाला काय द्यायचं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे घोळ व्हायला नको.

वडिलांचा तिकीट टोचायचा चिमटा रोहिणीला. दवाखान्याच्या कागदांना भोकं पाडायला कामाला येईल, आणि ती आवाज करून पेशंटना घाबरवेलही.

माझी निळी शाल विमलबाईंना. कात्रीही त्यांनाच. त्यांनी ती लपवून ठेवली तरी चालेल.

भाकऱ्यांचं फडकं मी धुऊन डब्याच्या वर ठेवलं आहे. ते तुझं तुला.

मी एकटीने केलेले सहाशे शब्द पोत्यात भरून पाठवते आहे. चुलीला. आधी चाळायचे असतील तर चाळ, तुझी मर्जी. सही केलेली सात डब्यात आहेत.

फारेवटू वेगळं करता येत नाही, तू ते एकाच तुकड्यावर लिहिलंस. ते डब्याच्या तळाशी ठेवलं आहे. कुणाला देऊ नकोस. दोघींचं आहे.

एकसष्ट पूर्ण तिकिटं, सगळी मुळं, तुझ्याकडे. सगळ्यांत आधी 'लुम' सापडेल, वरच ठेवलंय.

चौदा अर्धी मी नेते आहे. मुळं तुझ्याकडे आणि अर्धी माझ्याकडे असली की दोघींपैकी कुणालाच एकटीने शब्द करता येणार नाही. आपल्याला हा उपाय नववीतच सुचायला हवा होता. आणि मी आलेच नाही, तर अर्धी रोहिणीला द्यायची, तुला नाही. तू मग एकटीने शब्द करशील. मला तुझा स्वभाव माहीत आहे.

'तेक' मी तुझ्या डब्यात घातलं आहे, तिसऱ्या चळतीत, जरा कोपरा दुमडलेलं. सांभाळून ठेव. 'रूं' माझ्याजवळ आहे.

माधवी